जिवंत भावाचा दुखवटा

४ फेब्रुवारी, मंगळवार

आज शेण खाल्लं. दुसरा शब्द नाही.

शिंपी बोलेना. त्याचा धाकटा भाऊ जाऊन सात महिने झालेत. धाकटा कापायचा, हा शिवायचा, एकच दुकान. आमचा अभ्यास माणूस गेलेल्या घरांचा; तिथे आईबाप भडाभडा बोलतात, भावंडांच्या तोंडाला मात्र कुलूप! 'आईलाच विचारा ना.' 'माझं काय, मी ठीक आहे.' आठ महिन्यांत तेवीस भावंडं भेटली आणि तेवीस वेळा हेच. प्राध्यापकबाई म्हणतात, भावंडांना कोणी विचारतच नाही म्हणून तर आपण हा अभ्यास काढला. काढला खरा. चौसष्ट प्रश्न, आणि शिंपी प्रत्येकाला 'हो', 'नाही', 'तसं काही नाही'. एकीकडे कुणाच्या तरी पॅन्टची दुमड टाचणं चालू.

आणि मी म्हणाले, "माझाही भाऊ गेला हो."

जीभसुद्धा चाचरली नाही. त्याचा हात थांबला. त्याने पॅन्ट बाजूला ठेवली, शटर अर्धं खाली ओढलं आणि दीड तास बोलला. धाकट्याने कापडाच्या कात्रीने कागद कापला होता. कागदाने कात्रीची धार जाते. त्यावरून यानं त्याला गिऱ्हाइकासमोर झापलं. मग अबोला. तीन दिवस दोघं एकाच टेबलावर, मापं चिठ्ठीवर लिहून एकमेकांकडे सरकवायची. चौथ्या दिवशी सकाळी धाकटा उठलाच नाही. हे त्याने बायकोलाही सांगितलेलं नाही. मला सांगितलं.

मग विचारलं, "ताई, तुमचं शेवटचं बोलणं काय झालं होतं?"

हे मात्र मी खरं सांगितलं. आई पडली, ऑपरेशन झालं, भाऊ दोन दिवसांनी फळांची पिशवी घेऊन उगवला. मी सगळ्या नातेवाइकांसमोर म्हणाले, 'पाहुणे आले, बसायला द्या कुणीतरी.' तो म्हणाला, 'बरोबर आहे. पाहुणाच आहे मी.' पिशवी ठेवली आणि गेला.

शिंपी म्हणाला, "म्हणजे तुम्हालाही समेट करायला मिळाला नाही." मी मान हलवली.

हलवली! जनाची नाही, मनाची तरी!

५ फेब्रुवारी

भाऊ ठणठणीत आहे. सहा तासांवर राहतो, बायको आहे, गाडी आहे. दर रविवारी आईच्या फोनवर फोन करतो. तेव्हा मी बाथरूममध्ये नळ सोडून उभी राहते. चार वर्षं.

११ फेब्रुवारी, मंगळवार

पुन्हा केलं. आज ठरवून गेले नव्हते — नाही, खोटं कशाला, ठरवूनच गेले होते. बहीण गेलेली एक नर्स. दहा मिनिटं दगडासारखी बसली होती. मी भाऊ काढला. तिने पाणी आणून दिलं आणि मग रडली.

तिने तपशील विचारले. मी त्याला ताप दिला, तीन दिवस दवाखान्यात ठेवला. मग त्याच्याबद्दल सांगत सुटले. आंघोळ करताना शीळ घालायचा, ती शीळ बेसूर असायची. पावाच्या कडा आधी खायचा. मला साप चावला तर काय करायचं याचा त्याने सातव्या वर्षी आराखडा केला होता, आणि आमच्या घराच्या आसपास कुठे साप नव्हता. मेलेला भाऊ फार गुणी निघाला. जिवंत होता तेव्हा मी त्याचं एवढं कौतुक कधी केलं नाही.

होता काय! आहे! काय लिहितेय मी!

१४ फेब्रुवारी

बैठकीत बाईंनी माझ्या मुलाखती वाचून दाखवल्या. म्हणाल्या, हिच्याकडून शिका, हिला माणसं उघडता येतात. गुपित काय म्हणून विचारलं. मी म्हणाले, "काही नाही, ऐकायचं नुसतं." किती नम्र मी! नव्या मुलीला, चिमणीला, माझ्याबरोबर पाठवणार आहेत. शिकायला.

२० फेब्रुवारी, गुरुवार

चिमणीसमोर तोंड मिटून बसायचं ठरवलं होतं. पण त्या घरातला मुलगा पहिल्या प्रश्नालाच उठून जायला लागला. मी भाऊ काढलाच. सवयीचं झालं आहे आता.

बाहेर आल्यावर चिमणीने हात धरला. म्हणाली, मला माहीतच नव्हतं हो. दुपारपर्यंत ऑफिसभर. डबा खाताना मी कशावर तरी हसले तर सगळे गप्प झाले आणि मग माझ्यापेक्षा मोठ्याने हसले, मला बरं वाटावं म्हणून. शिपायाने न मागता चहा आणून ठेवला. साखर जास्त. बाई केबिनमधून उठून आल्या आणि पाठीवर हात ठेवून उभ्या राहिल्या.

एक खोटं निभावायला दहा लागतात म्हणतात. मला एकही लागलं नाही. नुसतं मान खाली घालून बसलं की पुरतं.

२४ फेब्रुवारी

शिंप्याचा फोन. दर सोमवारी करतो. 'झोप लागते का, ताई?' माझ्या पिशवीचा बंद तुटला होता, तो त्याने शिवून दिला आणि पैसे घेईना. "आपण एकाच दुःखातली माणसं." ती पिशवी रोज खांद्याला आहे.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

बाईंनी आमची प्रश्नावली माझ्यापुढे ठेवली. 'तुझी इच्छा असेल तरच. तूही बहीणच आहेस ना.' घरी आणली. म्हटलं गंमत म्हणून बघू.

त्याची आठवण येईल अशा जागा टाळता का? हो — नातेवाइकांच्या घरी जात नाही. त्याचं नाव निघालं की उठून जाता का? हो. नळ सोडते. त्याच्याशी मनात बोलता का? रोज. बहुतेक भांडते. काही सांगायचं राहून गेलं असं वाटतं का? यावर पाचपैकी पाच.

एकही उत्तर खोटं नाही! गुण द्यायच्या दहा प्रश्नांची बेरीज केली. पन्नासात त्रेचाळीस. आमच्या तक्त्यात त्याला 'तीव्र' म्हणतात. शिंप्याचे एकोणचाळीस होते.

जिवंत माणसासाठी त्रेचाळीस. कागद फाडला, बारीक तुकडे केले. आईने विचारलं काय फाडतेस. म्हटलं, जुनी बिलं.

८ मार्च, शनिवार

शिंप्याकडे गेले. मशीन चालू असतानाच सांगितलं, म्हणजे कमी ऐकू जाईल असं वाटलं असावं. भित्री ती भित्रीच. त्याने मशीन थांबवलं. परत सांगावं लागलं.

"जिवंत आहे?"

"हो."

बराच वेळ तो टेबलावरचे दोरे गोळा करत राहिला. मला वाटलं शिव्या देईल. द्यायला हव्या होत्या. म्हणाला, माझं बोललेलं पुसून टाका. मी त्याच्यासमोर रेकॉर्डरवरून पुसलं, ऑफिसमधली प्रतही पुसते म्हणाले. त्याने बघून खात्री केली, लहान मुलाचा गृहपाठ तपासतात तशी. माझ्यावर आता तेवढाच विश्वास.

मी माफी मागितली. तो म्हणाला, "माझी नका मागू. मला चौथा दिवस मिळाला नाही. तुम्ही चार वर्षं काढलीत आणि वर माझ्यासमोर मान हलवलीत." मग मशीन सुरू केलं. मी उभी होते. त्याने पुन्हा वर पाहिलं नाही.

रस्त्यात पिशवी खांद्यावरून काढून हातात धरली. एवढी लाज मला आयुष्यात कधी वाटली नव्हती.

१० मार्च, सोमवार

बाईंना सगळं सांगितलं. ओरडल्या नाहीत. सगळ्या मुलाखती बाद केल्या आणि माझं काम चिमणीकडे दिलं. चिमणी माझ्याकडे बघत नाही. शिंप्याचा फोन आला नाही. येणार कसा!

११ मार्च, मंगळवार, सकाळी साडेनऊ

भावाला फोन लावला. पहिल्याच रिंगला उचलला. "ताई?" चार वर्षांनी. काय बोलायचं ते कागदावर लिहून ठेवलं होतं. तोंड उघडलं आणि नुसतं रडूच आलं, थांबेचना.

तो म्हणाला, "आई गेली?"

मला बोलता येईना. तो म्हणाला, "रडू नकोस. एकटी आहेस का? शेजारच्यांना बोलावून घे. मी निघालो, ताई." आणि ठेवला.

याला वीस मिनिटं झाली. आई आत मटार सोलतेय, कुणाचा फोन होता म्हणून विचारतेय. परत लावायला हवा. नंबर समोर आहे.

लावला तर तो गाडी वळवेल.