मुठीतली ऊब

बोरी बुद्रुक
१२ डिसेंबर २००९

प्रिय शीला,

शुक्रवारी अवसरीच्या कॉलेजात तुझं व्याख्यान आहे, हे आमच्या शाळेत आलेल्या पत्रकावरून कळलं. फोटोत छान दिसतेस. खोटं कशाला सांगू, मी आधी तुझ्या केसांत पांढरे शोधले.

आमच्या सासूबाई, धोंडाबाई, विरजण लावलेल्या पातेल्याला कुणाला शिवू देत नाहीत. ‘लागू दे गं, हात नगं लावू,’ म्हणतात. ते ऐकलं की पुण्याची प्रयोगशाळा आठवते. जुन्नरहून आपण दोघी तिथे गेलो, त्याला पंधरा वर्षं झाली. बाकीचे ‘स्फटिक झाले का’ म्हणायचे, आपण मात्र रोज सकाळी एकमेकींना विचारायचो, ‘लागलं का?’ पाण्यात जेलचे मऊ कण, मोहरीहून हजारो पटींनी बारीक. ऊब मिळाली की आकसायचे, गार झाले की फुगायचे. फुगून गर्दी झाली की आपोआप ओळी धरायचे, आणि दुधट पाण्यात पारव्याच्या मानेसारखे हिरवे-जांभळे रंग उमटायचे. तुझ्या बाटलीत उमटले. माझ्या बाटलीत शेवटपर्यंत दूधच राहिलं. कृती तीच, पाणी तेच, सरही तेच. रंग दाखवायला तू पहिलं मलाच बोलावलंस, त्याचाही मला राग आला होता.

त्या शनिवारी दुपारी तू गावी निघालीस. मी तुझ्या टेबलाशी बसून राहिले. सोमवारी तू आलीस तेव्हा बाटलीतले रंग आधीपेक्षा सलग होते. घाईने वाकडेतिकडे बसलेले कण कसल्या तरी उबेने सुटे झाले आणि गार होताना नीट ओळीत बसले, हे तू तेव्हाच ओळखलंस. तुझा सगळा प्रबंध त्यावरच उभा राहिला. टेबल पुसताना प्रयोगशाळेतल्या शिपायाने, आपल्या घोडेगावच्या भागूने, बाटली खिडकीत ठेवली असणार, असं तू धरून चाललीस. तो बिचारा सांगत होता, ‘ताई, म्या न्हाई ठिवली उन्हात.’ तू हसलीस, त्याला पेढे दिलेस, प्रबंधात त्याचे आभार मानलेस. एक पेढा मीही खाल्ला.

पुढे लग्न झालं, मी इकडे आले. नववीच्या मुलींना विज्ञान शिकवते. पुस्तकात कलिलाचं पान आलं की दुधाचं उदाहरण देते आणि पुढे जाते. तुझ्या बाटलीबद्दल त्यांना कधी सांगितलं नाही.

प्रत्येक व्याख्यानात तू भागूच्या उन्हाची गोष्ट सांगतेस म्हणे. शुक्रवारीही सांगशील, आणि मी समोर बसलेली असेन. तुझ्यावर जळत होते ते एक वेळ ठीक, पण इतकी वर्षं मी भागूवरही जळले, म्हणून हे पत्र. ते ऊन नव्हतं, शीला. माझी मूठ होती. रंग पुसून जाईपर्यंत तुझी बाटली घट्ट धरून बसले होते, मोडायचं म्हणूनच. तू खुशाल रागव. पण शुक्रवारी भागूच्या जागी माझं नाव घे. माझ्या हातून तेवढं एकच लागलं.

तुझीच, अजूनही तुझ्यावर जळणारी,
मोहिनी