आईनं ‘बस’ म्हटलं नाही

५ एप्रिल, रवि.
गल्लीचा काळा मसाला. धुळ्याहून इथे पांडेसऱ्यात, मिलच्या वस्तीत आल्यापासूनची रीत : कढई कुणाचीही असो, आई वासावरून ‘बस’ म्हणेपर्यंत गॅस बंद होत नाही. आज खोबरं करपलं, धूर झाला, आई नुसती कढईकडे बघत बसलेली. शेजारची कांता हसत म्हणाली, ‘‘काकू, डुलकी लागली का?’’ आई उठून आत गेली. कांताचं सगळं खोबरं वाया.

८ एप्रिल
तीन दिवस अर्धीच भाकरी. केस विंचरलेले नाहीत. जेव म्हटलं की, ‘‘कसाले?’’ एवढंच.
मागची पानं चाळली. जानेवारी : ‘आईचे जेवणाचे नखरे.’ फेब्रु. : ‘नासलेल्या दुधाचा चहा. लक्ष नसतं हिचं.’ माझंच अक्षर. एका घरात राहून मला...

११ एप्रिल, शनि.
डॉ.कडे. डोळे मिटायला लावून नाकाशी लवंग, लिंबू, कॉफी. तिन्हींना आई, ‘काही नाही.’ म्हणाले, या वयात वास जातो, त्यासोबत कधी कधी मनही खचतं. आधी काय, ते सांगता येत नाही. गोळी दिली. रोज दोनदा हे वास घ्यायचे. येतीलच असं नाही.
परतताना रिक्षात, बाहेर बघत आई :
‘‘तुझे बाबा गेले तेव्हा त्यांचा शर्ट हुंगला. डाइंग मिलचा वास, धुऊन जायचा नाही. काहीच आलं नाही. वाटलं, मलाच त्यांचं काही वाटत नाही. असलं कुणाला सांगू, माय?’’
दहा महिने. एकटीनं.

१२ एप्रिल
कांता नवं खोबरं घेऊन आली. तिला खरं ते सांगितलं. तशी ती आतल्या खोलीकडे तोंड करून, ‘‘नाक गेलं तर जाऊ द्या. काकू बसल्याशिवाय मी गॅस पेटवायची नाही.’’ आई उठली नाही. कांता पिशवी ओट्यावर ठेवून गेली.

१६ एप्रिल
लवंग हुंगते, मी म्हणते म्हणून. दमलेय मीही. पिशवी ओट्यावरच.
दुपारी आईनं पेटीतून शर्ट काढून माझ्यापुढे धरला.
‘‘तुला येतो?’’
डांबरगोळ्या. कॉलरपाशी कदाचित काहीतरी. ‘येतो,’ म्हटलं.
‘‘मग सांग, कसा.’’
इतकी वर्षं लिहितेय. एक शब्द सापडेना. शर्ट मांडीवर घेऊन ती वाट बघत राहिली.
अजून सांगितलेलं नाही.