विहिरीतल्या फेऱ्या मोजणारं घड्याळ

५ मे, वडीगोद्री
मामाला हज्जारदा सांगितलं, पण न्हाई! आज पुन्हा भाकरी मोडता मोडता तेच. पोहायला हातपाय लागतात म्हणे, घड्याळ कशाला पायजे? तातेराव मामाचा जन्म गेला विहिरीत सूर मारण्यात, पण एकदाही टायमिंग घेतलं न्हाई. असा माणूस मला शिकवणार!
पुण्यात मी सोसायटीच्या स्विमिंग पूलवर जाळीनं पानं काढतो. जून लागला की लाईफगार्डची टेस्ट. सोळा लेंथ, म्हणजे या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत सोळा वेळा, दहा मिनिटांत. मंग लाल टी-शर्ट, गळ्यात शिट्टी अन् पगार वाढून. सध्या पूलच्या फरशा बदलून राह्यलेत, म्हणून सुट्टी. सगळी प्रॅक्टिसमध्ये घालणार. आईला सांगूनच टाकलं, पास झाल्यातच जमा आहे, पायलच्या नर्सिंगच्या फीचे आठ हजार माझ्याकडून. आईनं शेजारच्या दोन घरी सांगितलं पण. पायल नुसती हसली. बहिणीला भावाची किंमत न्हाई.

६ मे, सकाळी
आयडिया! मोबाईल दुधाच्या पिशवीत, वरून दोन रबर, करगोट्यात खोचायचा. खर्च शून्य. लोक उगाच पैसे घालतात.

६ मे, दिवेलागण
मोबाईल ज्वारीच्या डब्यात पुरलाय. तांदूळ घरात मूठभरच होते. पिशवीच खराब निघाली. दूधवाल्याला बोलणार.

८ मे
मोबाईल जिवंत झाला. आवाज तेवढा बेडकासारखा.
पायलला चिंचोके देऊन विहिरीच्या काठावर बसवलं. एक फेरी, एक चिंचोका. मी पंधरा मारल्या. ती म्हणे बारा. मी म्हणालो पंधरा. ती म्हणे दादा, तीनदा तू पाईपाला धरून खोकत होतास, ते मी मोजू का? माणसावर भरवसा ठेवायचा काळ गेला. मशीनच पायजे.

१० मे
जालन्याला गेल्तो. मस्तगडला राधेश्याम शेठचं घड्याळाचं दुकान. त्यानं तीन वस्तू मांडल्या. एक साधं स्टॉपवॉच, ते हातात धरलं तर पोहायचं कशानं? दुसरी बोटातली अंगठी, दर फेरीला अंगठ्यानं बटण दाबायचं. मी पोहू का बटण दाबू? तिसरं मनगटावरचं काळं घड्याळ. पाण्यात आपोआप लेंथ मोजतं, टाइम सांगतं, वरून शाबासकी म्हणून हातावर थरथरतं. शेठ म्हणे, भाऊ, आदमी झूठ बोलेगा, ये नहीं बोलेगा. बस, मन बसलं. अठ्ठावीसशेला पडलं. पायलच्या फॉर्मसाठी आणले होते त्यातलेच दिले. नुसते फिरवले. दुपटीनं परत येणार.
एसटीत बाजूचा माणूस घड्याळाकडंच बघत होता. मी हात खिडकीवर ठेवला.

११ मे
लेंथ शून्य!
वीस फेऱ्या मारल्या. पायलनंही वीसच मोजल्या, तिच्या तोंडून! अन् घड्याळ म्हणे शून्य. शेठला फोन केला. शेठ म्हणे, भिंतीला लाथ मारून माघारी वळलात की ते एक मोजतं, तुम्ही भिंतीला लाथ मारली का? मी म्हणालो, शेठ, विहिरीला भिंतीशिवाय दुसरं असतं काय? गोल फिरतोय मी! शेठ म्हणे, बिका हुआ माल वापस नहीं होता.
मामा म्हणे, घड्याळ बराबर आहे. तू निघालास तिथंच आलास. गेलास कुठं?
लेंथ सोडून दिली. टाइम बघायचा फक्त. टाइमच मेन असतो.

१९ मे
तुफान प्रगती! दहा मिनिटं न थांबता गोल गोल. उजवीकडं मोटारीचा पाईप, म्हणून कायम डाव्या हाताला वळतो. डोळे मिटूनच. हिरव्या पाण्यात उघडून दिसतंय काय? आता तर शरीर आपोआप वळतं. याला म्हणतात फॉर्म.
मामा म्हणे, कालव्याला पाणी सुटलंय, चार दिवस तिकडं सरळ पोह. मी चक्क नकार दिला. गढूळ पाणी घड्याळाच्या काचेला चांगलं न्हाई.

२ जून, पुणे
टेस्ट झाली.
आठ जण होतो. टेस्ट घेणाऱ्या सोमेश्वर सरांनी शिट्टी मारली. माझ्याइतका भारी सूर कुणाचाच न्हाई, हे सरांनी नंतर कबूल केलं. डोळे मिटले अन् सुटलो. काठावरून आरडाओरडा ऐकू आला. मला वाटलं, आपल्यालाच चिअर करून राह्यलेत. आणखी जोर लावला. मध्येच कुणाच्या तरी पोटात डोकं गेलं, तो शेजारच्या लेनमधला सर्जेराव होता. त्याच्या पुढून, शिडीजवळून, पुन्हा सुरुवातीच्याच भिंतीशी. असं चार वेळा. पाचव्यांदा सरांनी माझीच पानांची जाळी घालून मला काठाला ओढलं. म्हणे, राजानंद, अरे पलीकडची भिंत एकदा तरी बघ, तिला वाईट वाटेल.
घड्याळ बघितलं. लेंथ शून्य.
शेठ खरं बोलला होता.

४ जून
सर्जेराव पास झाला. लाल टी-शर्ट त्याला ढगळ होतो. मला बराबर बसला असता. त्याला घड्याळ आवडलं. अठराशेला दिलं. एक लेंथ मारताच त्याच्या हातावर थरथरायला लागलं. असलं मेलं घड्याळ!
मी जाळी घेऊन पानं काढतोय. सरळ रेषेत काढतोय, सराव म्हणून. पुढच्या जूनला बिलकुल सोडणार न्हाई.

५ जून
पायलचा फोन. टेस्टचं तिनं विचारलंच न्हाई. म्हणजे मामानं सांगितलंय. म्हणे, दादा, त्या दिवशी पंधराच होत्या, मी खोकल्याच्या तीन खाल्ल्या. मी म्हणालो, न्हाई, बाराच होत्या. मोबाईल तेवढा बेडकासारखा वाजत राह्यला. शेवटी म्हणे, फीची तारीख सोमवार आहे, आईला आठ हजार सांगितलेत तू, मी तिला काय सांगू?
सांग म्हणालो, पाठवतोय.
घड्याळाचे अठराशे, अन् पगारातून जेवणाचे सोडून उरले ते सतराशे.
साडेतीन हजार.