पेठेत रांगणारं बाळ

सातारा, २० जुलै १९७५

सौ. हरणाबाई विहीणबाईंना लीलाबाईचा स.न.वि.वि.

इकडे सर्व ठीक. आपला नातू मान धरू लागला हे वाचून तुमच्या जावयाने पेढे वाटले. मान धरल्याचे पेढे! लोक हसतील म्हणून मी ठोकून दिलं की बाळ बसायला लागला. काय करू? शेजारची बनाबाई चारचौघींत म्हणाली, सातव्या महिन्यात झालेलं पोर, डोक्यानं अधूच निघायचं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. आपल्या बाळाच्याच वयाचा तिचा ठोकळा नातू उशीला टेकून बसतो, म्हणून आपला मी बिनउशीचा बसवला.

तेव्हा तो खरंच बसेपर्यंत सूनबाईला, शालनला, इकडे धाडू नका. पाऊस फार आहे असं सांगा.

लोभ असू द्या आणि तोंड बंद ठेवा.

आपली, लीलाबाई


तासगाव, २७ जुलै

सौ. विहीणबाईंना हरणाबाईचा सा.न.वि.वि.

आवं, तुमच्या जिभंला हाडच न्हाई! आज बसवलं, उद्या मोटार चालवाया लावाल. सांगलीच्या डॉक्टरीणबाईंनी बजावलंय, पोर दोन महिनं आदी आलंय, तवा तेवढं वयातनं वजा धरायचं. म्हंजी त्याला पाच न्हाई, तीनच महिनं झालं. तीन महिन्याचं पोर बसतंय व्हय कुटं? जलमलं तवा कोंबडीएवढं हुतं. कापसात गुंडाळून पोटाशी धरलं, बोळ्यानं दूध पाजलं. आता गाल धरल्यात, हाक मारली की वळून बगतंय, लय ग्वाड हासतंय.

पावसाचं सांगितलं, पर शालनला खरं वाटंना. सासूला असलं पोर नको हाय म्हनून रडत बसलीया. मला न्हाई बघवत. गौरीच्या सणाला पोरीला धाडणार.

माया करा, न्हाईतर भांडाया तरी या.

हरणाबाई


सातारा, २ सप्टेंबर

सौ. विहीणबाईंना स.न.वि.वि.

अहो, गौरीला नको! हळदीकुंकवाला झाडून सारी पेठ येणार. शिवाय मधल्या काळात मी त्याला रांगायला लावलंय. बनाबाईने खोदून विचारलं, तोंडातून निघून गेलं. दसऱ्यापर्यंत थांबा. शालनला म्हणावं, वेडे, तो नको असता तर त्याच्यासाठी एवढ्या थापा मारल्या असत्या का मी?

घाईत, लीलाबाई


तासगाव, ९ सप्टेंबर

सा.न.वि.वि.

तुमचं पत्र शालनच्या हातात दिलं. वाचून हासली, रडली, आन पिशवी भरली. उद्याच्या यस्टीनं निघतीया. आता तुमचं तुमी निस्तरा.

हरणाबाई


सातारा, १५ सप्टेंबर

सौ. विहीणबाईंना स.न.वि.वि.

माय-लेक सुखरूप पोचले. तुमची लेक तुमच्यावरच गेलीय. भर हळदीकुंकवात तिने सतरंजी अंथरली, बाळाला पालथं घातलं आणि म्हणाली, आई, आता दाखवा याला रांगवून. बाळाने मान उचलली, बनाबाईकडे टकामका बघितलं आणि सतरंजी ओली केली.

बनाबाईने विचारलं, हाच का तो रांगणारा? मी म्हटलं, रांगत नाही, बसतही नाही. दोन महिने लवकर आलाय, त्याला दोन महिने द्या. तिने विचारलं, मग थापा कशाला मारल्या? तुझं बोलणं खरं निघेल या भीतीने, असं म्हणताना मला रडूच फुटलं. मग बनाबाईनेच त्याला उचललं आणि स्वतःच्या पदराने पुसलं.

खरं सांगू? इतके दिवस मला आपला बसतो कधी, रांगतो कधी, एवढाच घोर. तो हसतो कसा, ते मी काल पाहिलं.

दसऱ्याला या. नातू बसला नाही तरी या.

आपली, लीलाबाई