माझ्या बाजूचे दात

२६ ऑगस्ट १९५६
जेवताना ह्यांनी ताट सारलं. डाव्या हातानं भाजी वाढली म्हणून. लग्न होऊन आले तेव्हापासून हे ऐकतेय, पण आज आवाज फारच चढला. मीही म्हटलं, डावरी म्हणून सांगूनच दिली होती मला, फसवून नाही. मग ताट ओढून जेवले.
खरा राग माझ्यावर नव्हताच. लाकडाच्या डेपोत आज मशीनच्या आऱ्याचा, म्हणजे करवतीचा, काप पुन्हा वाकडा गेला. साखळीवर दात असलेला, पेट्रोलवर चालणारा तो विलायती आरा साऱ्या जंगलखात्यात एकच, आणि त्याला धार लावणारे हेच एकटे. चैत्रात अर्धांगाचा झटका आला तेव्हापासून ह्यांचा डावा हात बधिर. खात्यात कोणाला ठाऊक नाही. हात कोटाच्या खिशात ठेवून दिवस काढतायत.

३० ऑगस्ट
भावजी आले होते. ह्यांचे धाकटे भाऊ, त्याच खात्यात कारकून. नोव्हेंबरात मध्य भारत राज्य संपणार, नव्या राज्याची राजधानी भोपाळ, हे तर ग्वाल्हेरचा सगळा लश्कर भाग बोलतोय. नवीन ते एवढंच की नवे साहेब एकेकाचं काम स्वतः बघून ठरवणार. जो कसोटीत बसला नाही तो छाटणीत.
"वहिनी, दादाचा हात साहेबाच्या नजरेत यायला नको. नाहीतर समजून घ्या, गेलं काम."
समजून काय घ्यायचं. ह्यांचे आजोबा पलटणीत, वडील पलटणीत. हे मशीनवर. पुढे काय, कोण जाणे. झोप नाही.

४ सप्टेंबर
ह्यांनी आऱ्याची साखळी डब्याच्या पिशवीतून घरी आणली. लाकडी शिकंज्याच्या पकडीत आवळून बसले. साखळीला दात दोन तऱ्हांचे, एक डावीकडे तोंड केलेला, पुढचा उजवीकडे. एका बाजूचे एका हाताने जमतात ह्यांना. दुसऱ्या बाजूला कानसेचं टोक धरायला डावा हात लागतो, तो धरत नाही. कानस घसरते, ते दात बोथट राहतात, आणि आरा धारेच्या बाजूला पळतो. एवढंच दुखणं. मी चौकटीत उभी राहून बघितलं आणि कळलं.
"मी बघू का?"
"भाकऱ्या कर."

९ सप्टेंबर
आज स्वतःच म्हणाले, बस समोर.
मी त्यांच्या समोर बसले, शिकंजा मधे. त्यांच्या बाजूचे दात त्यांचे, माझ्या बाजूचे माझे. माझा डावा हात तिकडून अगदी सरळ पडतो. जात्यावर दोघी समोरासमोर बसतात तसं.
"ढकल. ओढू नकोस. ओढलीस की कानस मेली."
"हळू. थालीपीठ थापतेयस का?"
बोटं सोलली. रात्री लोण्याचा हात लावला.

१८ सप्टेंबर
जमत नाही. माझे दात लांब राहतात, त्यांचे आखूड. काप आता उलटीकडे पळतो. हे म्हणाले, आधी एका बाजूला जायचा, आता दुसऱ्या, चला, प्रगती आहे. हसले. चैत्रानंतर पहिल्यांदा हसले असतील. मला मात्र रडू आलं.

२९ सप्टेंबर
आता दोघं एकदम घासतो. त्यांचा एक हात, माझा एक हात. ते जेवढ्या वेळा कानस फिरवतील तेवढ्याच वेळा मी.
डेपोतून भुसा खिशात घालून आणला दाखवायला. पिठासारखा पडला की धार गेलेली. आज ढलप्या होत्या, नखाएवढ्या. तुळशीशी ठेवल्या.

१३ ऑक्टोबर, खंडेनवमी
मामंजींची तलवार पुसून मांडली. शेजारी ह्यांनी गोल कानस ठेवली. दोन्हींना हळदकुंकू वाहिलं. मग माझा डावा हात ओढून त्यावरही बोट टेकवलं. म्हणाले, कुठे बोलू नकोस.
मी कुठे बोलणार. पण दिवसभर पुसलं नाही.

१ नोव्हेंबर
आजपासून मध्य भारत नाही. बाड्याच्या चौकात जाऊन आले, पणत्या घ्यायच्या होत्या. गर्दी तीच, भाव तेच. नया बाजारातला दुकानदार म्हणाला, "भाभीजी, राज बदलता है, तेल तो उतना ही जलता है।" त्याला काय, त्याची परीक्षा नाही.

१९ नोव्हेंबर
झाली परीक्षा! सागाचा ओंडका होता, माणसाच्या छातीएवढा. आरा धरायला दोघं गडी. हे बाजूला उभे, हात खिशात. नव्या साहेबांनी कापावर सूत ताणून बघितलं. कुठे फट नाही.
"वाह मिस्त्री! ऐसी सीधी कटाई मैंने नहीं देखी।"
ह्यांचं घरी येऊन तीनदा सांगून झालं. शिरा केला. डाव्या हाताने वाढला. ह्यांनी वर आणखी मागितला. किती सुखाचा दिवस.

२७ नोव्हेंबर
भावजी दारातूनच ओरडत आले, "दादा, पक्कं झालं! नाव लागून गेलं!"
मग खाली बसले आणि पुढचं सांगितलं. नेमणूक बस्तरकडे. जंगलात कॅम्प, तंबूत राहायचं, बायकामाणसं न्यायची नाहीत. आरा ह्यांच्याबरोबरच जाणार. तिकडे धार लावणारा कोणी नाही, आणि एवढा सरळ काप देणारा माणूस ग्वाल्हेरात बसवून ठेवायचा कशाला, असं साहेब म्हणाले.
नाही म्हटलं तर छाटणी.
म्हणजे आम्ही तो काप थोडा वाकडा जाऊ दिला असता तर. पण मग तेव्हाच गेलं असतं काम. काही केलं तरी.

३० नोव्हेंबर
जुनी साखळी घेऊन हे एकटेच बसले सकाळपासून. पायाने दाबून, गुडघ्यात धरून, कानसेला बांधलेली सुतळी दातात धरून. मला जवळ येऊ दिलं नाही. दुपारी ती साखळी लावून बघायला डेपोत गेले, संध्याकाळी आले. मी कोट झटकला. खिशात भुसा होता, बारीक पीठ.
"तिकडे एखाद्या गड्याला समोर बसवा."
"मग त्याला हात दिसेल. साहेबाला कळायला किती वेळ?"

३ डिसेंबर
दोन साखळ्या दोघांनी मिळून लावल्या. तेल घालून फडक्यात बांधल्या. इतकी धार कधी लागली नव्हती. काम संपलं तरी दोघं तसेच बसून होतो.

५ डिसेंबर
गाडीत बसवून आले. भावजींनी ट्रंक चढवली. खिडकीतून उजवा हात हलवत होते. म्हणाले, काळजी करू नकोस, आता जेव हवं त्या हाताने.
हे काय बोलणं झालं.

१२ डिसेंबर
पोहोचले असतील. आरा झाडाला लागला असेल.
भावजी धीर देतात, "वहिनी, दादा काहीतरी जमवून घेईल."
त्यांना विचारलं, साखळीची धार पुरते किती? म्हणाले, मला काय माहीत, मी कारकून. मला माहीत आहे. दिवसभर कापलं तर संध्याकाळी कानस लागतेच. लाकडाला माती असेल तर दुपारीच. साखळ्या दोनच आहेत.
जुनी साखळी शिकंज्यात तशीच आहे. आज बसून माझ्या बाजूचे सगळे दात घासले. मग उठून पलीकडे जाऊन बसले, त्यांच्या जागी. उजव्या हाताने करून बघितलं. कानस घसरते.