घसा बसला, इंदू!

प्रिय इंदू,

एरवी तुला सगळं परसात उभं राहून तोंडानेच सांगतो. आज कागद घेतला, कारण माझा घसा बसलाय. बोलून बोलून! खोटं वाटतंय ना? मुंबईच्या कचेरीत ज्याला जन्मभर 'तो अडखळणारा कारकून' म्हणून ओळखलं, त्याचा!

सांगतो. माझ्या चुलतभावाने, दाजीने, इंजिनाची होडी घेतली. गावातली पहिलीच. काल नारळी पौर्णिमेला तिचा पहिला नारळ दर्याला द्यायचा होता, सगळा गाव किनाऱ्यावर जमलेला. पण सगळ्यांच्या वतीने देवाला मोठ्याने गाऱ्हाणं घालणार कोण? आपले शेजारी सोनू तांडेल दरवर्षी घालतात, ते खोकल्याने बेजार. आवाजच फुटेना. आणि गाऱ्हाण्याशिवाय खलाशी होडीला हात लावायला तयार नव्हते.

तांडेलांनी माझ्याकडे बोट केलं. लोक हसले. मीही नको म्हणून मान हलवली. तर कानाशी येऊन घोगऱ्या आवाजात म्हणतात, "अरे, रोज परसात गेलेल्या बायलेवांगडा बोलतस, ता मी आयकतंय. थंय खंय अडाकतस?"

खरंच की गं! परसात तुझ्याशी बोलताना कुठे अडखळतो मी?

तू होतीस तेव्हा माझं वाक्य कधी पुरं झालं? मी तोंड उघडायचा अवकाश, "ओ, तुमचा बोलणा भायर पडासर माझी डाळ करपता," म्हणून तूच पुरं करायचीस. दुकानात, पाहुण्यांत, अगदी लेकीच्या लग्नाच्या बोलणीतसुद्धा. प्रेमानेच गं, आणि मलाही ते बरंच वाटायचं. पण एकदा तरी डाळ करपू द्यायची होतीस!

असो. नारळ हातात घेतला, डोळे मिटले आणि समोर तूच आहेस असं धरलं.

"बा देवा म्हाराजा!"

"होय म्हाराजा!" सगळा किनारा गरजला. मग काय, सुटलोच मी! तांडेलांच्या गाऱ्हाण्यात वारा असतो, शीड असतं. इंजिन कुठलं असणार? ते मी घातलं. "ह्या नव्या इंजिनाक भर दर्यात रुसान बसाची बुद्धी देव नको रे म्हाराजा! दर्यात गेलेल्या झिलांका घराक सुखरूप आण रे म्हाराजा!" हसणारेच "होय म्हाराजा" म्हणत होते आणि दाजीची बायको पदराने डोळे पुसत होती.

मग एकेक होडीवाला नारळ घेऊन माझ्याकडेच. जाताना तांडेल म्हणाले, "जत्रेक देवळात गाऱ्हाण्याक आता तूच उभो रव." पेन्शनीत आल्यावर मला माझं काम सापडलं, इंदू. फार आनंद झाला, आणि तो सांगायला तू घरात नव्हतीस.

घसा सुटला की पहिलं गाऱ्हाणं आपल्या परसात, तुझ्या नावाने. शब्द देतो, यापुढे बोलायचं काम माझं. मध्येच वाक्य तोडू नकोस हं! तू फक्त "होय म्हाराजा" म्हण.

तुझा,
अनंत