डावी जीप

शिरूर,
१६ फेब्रुवारी

प्रिय करुणा,

खुशाली फोनवर कळतेच, ती पुन्हा लिहीत नाही. या पंधरवड्यात मी तुला कितीदा तरी फोन लावला आणि नाशिकची थंडी, पोरांच्या परीक्षा असलं काहीबाही विचारून ठेवून दिला. तू म्हणालीसही, ताई, तुझा आवाज असा का येतोय? आवाजाला काही झालेलं नाही. मलाच काही होत नाहीये. सकाळी उठते, डबे भरते, शाळेत जाऊन तिसरीच्या वर्गाला भागाकार शिकवते, आल्यावर आईच्या गुडघ्यांना तेल लावते. सगळं नेहमीसारखं. हाताला चटका बसला तरी मागाहून कळतो, तसं चाललंय. जे सांगायचं आहे ते फोनवर तोंडातून निघेना, म्हणून लिहायला बसले. तुला बाबांचा विषय नको असतो, ठाऊक आहे. तरी एवढं पत्र मध्येच मिटवून ठेवू नकोस.

सुरुवात तुझ्या दाजींच्या जीपपासूनच करावी लागेल. तू तिला कायम भंगारच म्हणत आलीस आणि ती आली तेव्हा होतीही तशीच. दौंडच्या एका भंगारवाल्याकडून नागसेनने ती ट्रॉलीवर घालून आणली, तेव्हा तिच्या बॉनेटखाली मुंगसाने घर केलं होतं. मी म्हटलं, एवढ्यात स्कूटी आली असती. पण त्याने रांजणगावच्या कंपनीतून सुटल्यावर रोज संध्याकाळी तिला घासायला घेतलं आणि एके दिवशी ओरडतच घरात आला. गंज काढल्यावर एका बोल्टाच्या डोक्यावर इंग्रजी एफ अक्षर उमटलं होतं. मग दुसऱ्यावर, तिसऱ्यावर. ती साधी जीप नव्हती. दुसऱ्या महायुद्धासाठी फोर्ड कंपनीने ज्या जीपा बनवल्या, त्यांतली एक. त्या कंपनीने आपल्या बोल्टांवरसुद्धा अक्षर कोरलं होतं म्हणे. स्टिअरिंग डावीकडे. मूळ सांगाड्यासकट टिकलेल्या अशा गाड्या आपल्याकडे आता बोटांवर मोजण्याइतक्या राहिल्यात. मुंबईहून, कोल्हापूरहून माणसं ती बघायला यायची आणि चाकांपाशी उकिडवी बसून तासन्‌तास बोलायची. मी चहा करून करून दमायचे, पण खरं सांगू, त्याला इतकं खूश मी लग्नातही पाहिलं नव्हतं.

गाडी उभी राहिली, चालायला लागली, तरी त्याचं समाधान होईना. विकत घेतली म्हणजे गाडी आपली होत नाही, तिचं आधीचं आयुष्य कळलं की मग होते, असं त्याचं म्हणणं. कागदपत्रं तर कधीच गहाळ झालेली. म्हणून तो माणसांना विचारत मागं मागं जायला लागला. लढाई संपल्यावर लष्कराने ती नगरला लिलावात काढली असणार, हा त्याचा अंदाज. पुढचा मोठा तुकडा मात्र सापडत नव्हता. भंगारवाल्याने दौंडच्या एका पोल्ट्रीवाल्याचं नाव सांगितलं. तो पोल्ट्रीवाला म्हातारा झालाय, त्याला ऐकूही कमी येतं, पण गाडीचा फोटो बघताच म्हणाला, "ही तर न्हावऱ्याच्या पोपटरावाची डावी! आख्ख्या तालुक्यात एकच हुती तशी. लांबूनच वळखू यायची." नागसेन घरी आला तो हे वाक्य घोकतच. मधल्या काळात आम्ही एक जानेवारीला आईला याच गाडीतून विजयस्तंभाला मानवंदना द्यायला घेऊन गेलो होतो, त्याचा फोटो मी तुला पाठवला होता. मागच्या बाकावर निळा फेटा बांधून बसलेली आई. तू त्यावर हसण्याची चित्रं पाठवली होतीस.

प्रजासत्ताक दिनानंतरच्या रविवारी आम्ही दोघं न्हावऱ्याला गेलो. नागसेनला एवढंच विचारायचं होतं की गाडी कोणाकडून आणि कधी घेतली. मला तो रस्ता नको असतो. बाबा सायकलवर गवंडीकामाला त्याच रस्त्याने जायचे आणि त्याच रस्त्याच्या कडेला सकाळी सापडले. पण इतक्या वर्षांत तिथे सगळं बदललंय. डांबर रुंद झालंय, दोन्ही बाजूंना ढाबे झालेत. उसाच्या ट्रॉल्या ओलांडत आम्ही गेलो आणि मला काही वाटलं नाही. पोपटराव जाऊन बरीच वर्षं झाली. मुलगा विश्वजीत आता सोसायटीच्या राजकारणात आहे. त्याने नीट बसवलं, जीपला हात लावून बघितला, लहानपणी आपण हिच्यात बसायचो म्हणाला. चहा आला. मग आतून त्याची आई सरूबाई काठी टेकत आली. ऐंशीच्या घरातली, पण नजर तल्लख. तिने ओसरीवरून जीपकडे बघितलं आणि तिथेच उभी राहिली. खाली काही बसेना. "आणली व्हय परत," एवढंच म्हणाली.

नागसेन तिला उत्साहाने बोल्ट, सांगाडा असं काय काय सांगत होता. तिचं लक्ष माझ्याकडे होतं. म्हातारी माणसं विचारतात तसं तिने विचारलं, "तू कुणाची गं?" मी म्हटलं, माहेर नदीपलीकडचं, वडील गवंडी होते, म्हाळू. तिने काठी दुसऱ्या हातात घेतली. "सायकलवरचा?" असं तिने विचारलं बघ, करुणा. सायकलवरचा? विश्वजीत पटकन म्हणाला, "आई, तू आत चल." ती म्हणाली, "मी जाणार न्हाई. तुझा बाप हुता तवर तोंड शिवून बसले. आता कुणाला सांगू म्हणत हुते, तर ह्या आपल्या पायानं दारात आल्या."

ती जे बोलली ते मी तुला तिच्याच क्रमाने सांगते. ती माहेराहून येत होती. गाडी पोपटराव स्वतः चालवत होता. दिवेलागणीची वेळ. पुढे उसाच्या बैलगाड्या होत्या, त्यांना ओलांडायला त्याने गाडी बाहेर काढली. स्टिअरिंग डावीकडे असल्यामुळे समोरचं दिसलं नाही. समोरून बाबा येत होते. धडक बसली. त्यांनी बाबांना उचलून मागच्या बाकावर घातलं आणि दौंडच्या दवाखान्याकडे गाडी पिटाळली. सरूबाई मागे बसली होती. "डोकं माझ्या मांडीव हुतं," ती म्हणाली, "माझं लुगडं भिजलं. पानी मागितलं, मी तांब्यातलं पाजलं. शुद्धीत हुता. सायकल दुसऱ्याची हाय, मोडली का वो, आसं मला इचारलं त्यानं. मी म्हणलं, न्हाई मोडली. मोडली हुती." पुलाच्या अलीकडे बाबा गेले. पोपटरावाने गाडी थांबवली, हात लावून बघितला आणि बराच वेळ तसाच बसून राहिला. ती म्हणत होती, दवाखान्यात न्या, निदान पोलिसात तरी चला. त्याची कारखान्याची निवडणूक तोंडावर होती. त्याने गाडी मागे फिरवली. जिथून उचललं होतं तिथेच कडेला बाबांना ठेवलं, सायकल शेजारी आडवी केली. गाडीत बाटली असायची त्याची. ती त्याने बाबांच्या तोंडावर आणि सदऱ्यावर ओतली. "समदी," ती म्हणाली. "एक थेंब ठिवला न्हाई."

मी समोरच्या कपाकडे बघत होते. चहावर साय धरली होती. आपल्याला त्यांनी त्यांच्याच कपातून चहा दिलाय, एवढाच विचार डोक्यात आला. त्या घरात आपल्या माणसांना चहा वेगळ्या कपातून मिळायचा, असं बाबाच सांगायचे. आणि त्याच घरच्या बाईच्या मांडीवर बाबांचं डोकं होतं. या दोन गोष्टी मला अजून एकत्र ठेवता येत नाहीत. सरूबाई माझ्यापुढे हात जोडायला लागली, तेव्हा मी तिचे हात धरून खाली केले. माफ केलं म्हणून नाही. म्हातारं माणूस तोल जाऊन पडेल, म्हणून. विश्वजीत फाटकापर्यंत सोडायला आला. "वय झालंय तिचं, काहीही बरळते. मनावर घेऊ नका ताई," तो म्हणाला. मग थोडं थांबून, "गावात चर्चा नको." नागसेनने त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. जीपच्या पायरीवर एक पाय ठेवला आणि तिथेच थबकला. त्याच्याने आत बसवेना. शेवटी मी म्हटलं, शिरूरपर्यंत चालत जायचंय का? तेव्हा बसला. वाटभर मी मागच्या बाकाकडे वळून बघितलं नाही.

तेव्हापासून जीपवर ताडपत्री आहे. नागसेन म्हणाला, गॅसकटर आणतो आणि तुकडे करतो. जिला मी चार वर्षं पोटच्या पोरीसारखं घासलं, तिच्यात... एवढं बोलून तो मोरीत जाऊन हात धूत राहिला. मी रडले नाही. शाळेत एका पोराने विचारलं, बाई, तुम्ही आजारी आहात का? मी म्हटलं, पाढे म्हण.

आईला सांगायचं की नाही, यात बारा-तेरा दिवस गेले. एवढी वर्षं तिने कसं तरी निभावलं, आता उकरून काय मिळवायचं, असं मला वाटत होतं. नागसेन म्हणाला, नवरा तिचा होता, ठरवणारे आपण कोण? परवा दुपारी ती मेथी निवडत बसली होती. मी तिच्यासमोर बसले आणि सगळं सांगितलं. पाणी, सायकल, पूल, बाटली. काहीही लपवलं नाही. ती निवडत राहिली. माझं संपल्यावर म्हणाली, "मी सांगत हुते की. तवाच सांगत हुते. थेंबाला शिवत न्हवते ते." बस. एवढंच. पुन्हा काड्या वेगळ्या करायला लागली. थोड्या वेळाने विचारलं, "पानी पाजलं म्हणाली ना ती?" मी हो म्हटलं. मग नागसेनकडे वळून म्हणाली, "गाडी कापायची न्हाई. गाडी काय आपल्या मनानं मागं फिरती व्हय? न्हेलं हुतं तिनं त्यांला पुलापतूर. फिरवणाऱ्यानं फिरवली." सरूबाईला भेटायला ती येत्या रविवारी जाणार आहे. मी सोबत येते म्हटलं, तर म्हणाली, दारापर्यंत ये. सरूबाईने चारचौघांत सांगायची तयारी दाखवली आहे. विश्वजीत किती बोलू देईल, कोण जाणे. त्याचं पुढे काय करायचं ते आपण तिघी मिळून ठरवू.

मेथी निवडून झाल्यावर आई उठली आणि जाता जाता म्हणाली, "करुणाला कळीव." मी म्हटलं, फोन करते. तर म्हणाली, "फोन नगं. लिहून धाड. तिला पुन्यांदा वाचता आलं पायजे." का, ते तुला मी सांगायला नको. बाबांना अंगणात आणून ठेवलं होतं, तेव्हा तू जेमतेम पाच वर्षांची होतीस. सगळ्यांच्या पायांमधून वाट काढत तू त्यांच्या छातीवर जाऊन पडलीस आणि उठून मोठ्यांदा म्हणालीस, "बाबांना दारूचा वास येतोय." आईने तुला तिथेच, सगळ्यांसमोर थोबाडीत मारली. बायका कुजबुजल्या, पोलिसांनी तसं लिहून घेतलं, गावाला कारण मिळालं. आई म्हणायची ते पीत नव्हते आणि तू म्हणायचीस मला वास आला होता. तुम्ही दोघी जन्मभर तशाच राहिलात. तुझ्या घरात बाबांचा फोटो नाही, त्यांच्या स्मृतिदिनाला तू कधी आली नाहीस, आणि आई तुला बोलावतानाही नजर खाली ठेवते. करुणा, वास खरा होता. तू खोटं बोलली नव्हतीस. आईही खोटं बोलली नव्हती. एवढंच सांगायला हे पत्र. आणि आईने स्वतः लिहायला सांगितलेलं एक वाक्य आहे, ते तिच्याच शब्दांत लिहिते: "म्या पोरीला उगाच मारलं."

तुझीच,
ताई